सोनाबाईचं वय

माणूस म्हातारा का होतो हे शोधायला एक डॉक्टर दारोदार हिंडतोय, असं कोपऱ्यावरच्या शिवबाईनं सांगितलं तेव्हा मथुराबाई पोट धरधरून हसली होती. अहो, यात शोधायचं काय? दिवस जातात, माणूस म्हातारा होतो! पण तो डॉक्टर खरंच आला. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट, दसरा चार दिवसांवर होता. सोलापुरातली यंत्रमागांची गल्ली, दोन्ही अंगांनी खटाखट चाललेली, आणि त्यातनं हा किडकिडीत माणूस बॅग सावरत ओरडून विचारतोय, "सत्तरीच्या पुढचं कुणी आहे का इथं?"

कमलाकर डॉक्टर त्यांचं नाव. डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की काहींचं शरीर साठीतच मोडतं आणि काहींचं ऐंशीतही खणखणीत राहतं. हे कशानं होतं ते कळलं, तर म्हातारपणाच्या दुखण्यांवर इलाज सापडेल. म्हणून नव्वद म्हातारी माणसं निवडायची आणि दर सहा महिन्यांनी त्यांच्या घरी जाऊन तपासायचं.

"दर सा म्हयन्यानं घरी येणार?" मथुराबाईनं विचारलं.

"हो. चांगली पाच वर्षं."

मथुराबाईचा नवरा महिपती जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. जेऊरचं माहेर तर कधीच संपलेलं. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळत तीस वर्षं काढली, ते काम सुटलं आणि त्याबरोबर बोलणंही सुटलं. शेजारी सगळी विणकरांची घरं. घरात तेलुगू, बाहेर मागांचा आवाज. माणसं वाईट नव्हती हो, पण सवड कुणाला? दिवस दिवस तिच्या तोंडून शब्द निघत नसे. कधी तरी तव्यावरच्या भाकरीला "आता फुग की गं बाई" म्हणायची आणि आपल्याच आवाजानं दचकायची.

आणि हा माणूस म्हणत होता, घरी येईन.

"म्या हाय की सत्तरीच्या फुडं," ती म्हणाली.

खोटं! धादांत खोटं! तिला एकसष्टावं चालू होतं. पण केस चाळिशीतच पिकलेले, दात मिश्रीनं नेलेले, शंका कोण घेणार? त्या पिढीत जन्मतारीख तरी कुणाला ठाऊक होती? त्यासाठी डॉक्टरांनी जुन्या साथी, दुष्काळ, पूर असं सगळं एका कागदावर सालवार मांडून आणलं होतं. त्यांनी विचारलं, "मानमोडीची साथ आठवते? अठरा साली तापानं घरंच्या घरं रिकामी झाली, ती?"

"न आठवाय काय झालं? सोळा वर्साची व्हते मी. पयली बाळंतीण."

सोळा वर्षांची बाळंतीण होती ती सोनाबाई, तिची थोरली बहीण. मथुरा तेव्हा पाच वर्षांची होती. सोनाबाई त्याच साथीत गेली. मथुराबाईला वय हवं होतं, तिनं बहिणीचं उचललं.

डॉक्टरांनी बोटांवर मोजून बहात्तर लिहिलं आणि म्हणाले, "आजी, हात पुढे करा."

तिला आजी म्हणणारं या जगात कुणी नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढे केले.

मग त्यांनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली, सोडली, आणि ती किती वेळात बसते ते घड्याळात पाहिलं. एका पायावर उभं केलं. दंडाला पट्टा बांधला, बोटातनं रक्त घेतलं, मूठ आवळायचं एक यंत्र हातात दिलं. यंत्रावरचा आकडा बघून डॉक्टरांचे डोळेच विस्फारले. "चोवीस किलो! आजी, काय खाता काय तुम्ही?" शेवटी एका छापील यादीतले प्रश्न. झोप कशी, भूक कशी, आणि सगळ्यात अखेरचा, आठवड्यात किती जणांशी बोलणं होतं.

"धा-बारा जण तरी," मथुराबाईनं ठोकून दिलं.

तेव्हापासून तिचं वर्ष दोनच दिवसांचं झालं. एक गुढीपाडव्यानंतरचा आणि एक दसऱ्याच्या आधीचा. आदल्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या शिवबाईकडं जाऊन खुर्ची मागून आणायची. इरकल लुगडं नेसायची. धपाटी करायची. दुसऱ्या खेपेला डॉक्टर "ड्यूटीवर आहे" म्हणाले, तिसऱ्या खेपेला दोन खाऊन वर शेंगाची चटणी मागून घेतली. तो तासभर ती पुढं सहा महिने पुरवायची.

चौथ्या खेपेला, शहात्तरच्या पाडव्यानंतर, डॉक्टर आले ते उड्या मारतच.

"आजी, नव्वद माणसांत तुमच्यासारखं एक नाही! चौऱ्याहत्तराव्या वर्षी शरीर साठीचं. पुण्याच्या परिषदेत मी तुमच्यावरच बोलणार आहे. मोठे मोठे डॉक्टर येतील ऐकायला." त्यांनी वही उघडली. "एवढं एकच राहिलंय. तुमचं ते पहिलं बाळंतपण. बाळ किती दिवस जगलं?"

वय उचलताना मथुराबाईला काही वाटलं नव्हतं. मेलेल्या माणसाला वय काय करायचंय? पण ते बाळ? ते आपलं म्हणून कसं सांगायचं? आणि उद्या भर सभेत या भल्या माणसाची फजिती झाली तर?

"डाक्टर, ते माजं न्हवतं."

"म्हणजे?"

"सोनीचं व्हतं. थोरल्या भनीचं. तिला ताप भरला, तिनं बाळ माज्या मांडीवर दिलं. म्हनली, धर, खाली ठिवू नगं. मी धरून बसले. दिस मावळस्तवर बसले. ते कवा गेलं, मला कळलंच न्हाय. पाच वर्साची व्हते मी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. मग चेहरा उतरला. "अठरा साली पाच. म्हणजे तुम्ही त्रेसष्ट!"

"व्हय."

"अहो, चार खेपा! चार खेपा मी..." ते एकदम थांबले. तिच्याकडं बघून त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी वहीतल्या तिच्या पानावर तिरकी रेघ मारली आणि बॅग आवरायला घेतली. "परिषदेआधी सांगितलंत, बरं झालं, मथुराबाई."

आजी गेली, मथुराबाई आली. तिला ते लगेच कळलं.

"मग दसऱ्याला?"

"कसं येणार? हा अभ्यास सत्तरीच्या पुढच्यांचा. अजून सात वर्षं आहेत तुम्हाला." ते उठले. दारात चप्पल घालताना वळून म्हणाले, "पण का केलंत तुम्ही असं?"

"तुमच्या त्या शेवटच्या सवालाचं बी खोटंच सांगितलं," ती म्हणाली. "धा-बारा न्हाईत. कुनीच न्हाय. तुमी येनार म्हून खुर्ची मागाय शिवबाईकडं जाते, तेवडं तिच्याशी. आन मग तुमच्याशी."

डॉक्टरांनी चप्पल पुन्हा काढली. आत आले, पुन्हा खुर्चीवर बसले आणि झाकलेल्या ताटातलं एक धपाटं खाल्लं. सगळं खाल्लं, सावकाश. जाताना म्हणाले, "इकडं आलो, तर येऊन जाईन."

त्या वर्षी दसऱ्याआधी मथुराबाईनं इरकल नेसलं, धपाटी केली, शिवबाईची खुर्ची आणून दाराकडं तोंड करून ठेवली. आपण भिंतीला टेकून खाली बसली. शेजारचे माग दुपारी जेवणापुरते थांबले, पुन्हा सुरू झाले. दिवे लागायच्या वेळेला ती खुर्ची परत द्यायला निघाली.

"डॉक्टर आला न्हाय व्हय गं?" शिवबाईनं विचारलं.

"आला व्हता की," मथुराबाई म्हणाली. "दोन धपाटी खाल्ली. ह्या बारीला लई येळ बसला."