कापडाखालची बटणं

दक्षिण फिनलंडमधल्या त्या गावात निम्मी घरं फोनच्या कारखान्यावर जगत. मार्केता तिथे बावीस वर्षं एकच काम करत होती. फोनचं एकेक बटण बोटाने दाबून बघायचं. सैल, जड, घासणारं बटण तिच्या बोटाला यंत्राआधी सापडायचं.

मग काचेचे फोन आले. बोट टेकलं की काच अशी थरथरेल, की खरं बटण दाबल्यासारखंच वाटेल, असं इंजिनिअर यान्नेचं म्हणणं. वरच्यांनी ठरवलं, मार्केताने कापडाखाली हात घालून सांगायचं, बटण की काच. दहात आठदा ओळखलं तर बटणांचा विभाग आणखी वर्षभर चालेल, नाहीतर बंद. विभागात चौदा बायका होत्या.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी मार्केताने दरवर्षीसारख्या घरातल्या सतरंज्या तळ्याच्या धक्क्यावर नेल्या. उन्हाळ्याचा सण तोंडावर आला होता, आणि मळक्या सतरंज्यांवर सण कुणी करत नाही. गार पाण्यात पाच तास तिने ब्रशने घासलं. सोमवारी बोटांची टोकं सोलवटून बधिर झाली होती.

"पुढे ढकला म्हण की," कारखान्यात कपडे बदलताना शेजारच्या टेबलावरची सेइया म्हणाली.

"कारण काय सांगू? सतरंज्या धूत होते?"

"मग नवऱ्याला धूत होते म्हण."

मार्केता हसली नाही. कुणाकडे काही मागणं तिच्या फार जिवावर यायचं.

पहिली तीन तिने बरोबर ओळखली. चौथ्यापासून सगळं सारखंच वाटू लागलं.

"अंदाज नको हं, मार्केता. खरं सांग," यान्ने म्हणाला.

"नाही ओळखता येत."

"तुला नाही, म्हणजे कुणालाच नाही." तो इतका आनंदला होता, की तिने बोटांचं सांगायला तोंड उघडेपर्यंत फोनवर वरच्यांशी बोलूही लागला.

आठवड्याने कातडी भरून आली. मार्केता आपणहून यान्नेकडे गेली आणि कापड मागितलं. दहाच्या दहा वेळा बरोबर ओळखलं, आणि मग सतरंज्यांचं सांगितलं.

यान्नेने कापडाची घडी घातली. "आधी का नाही बोललीस? विभाग बंद करायचे कागद गेले गं वर."

ती जागेवर परतली. दुपारी तिने दोन सैल बटणांचे फोन दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवले. संध्याकाळपर्यंत ते न्यायला कुणी आलं नाही.