रबराखालचं लोखंड

बायको जाऊन तीन महिने होत आले होते. तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले, पण पोरगी काही गेली नाही. ती पुण्याला प्लास्टिकवर संशोधन करायची. नेमकं काय करते ते तिची माय विचारायची. मी चौथी शिकलेला, वारासिवनीच्या राइस मिलमध्ये जन्मभर मिस्त्री. मी कधी विचारलं नाही.

तिच्या सरांचं पत्र आलं. महिनाअखेर या, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. तिनं पत्र घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवलं.

"जात नाही मी."

"काहून?"

"तुमचं कोण करन?"

खरं सांगतो, मला बरं वाटलं. दोन वेळचं ताजं जेवण होतं, दुसऱ्या खोलीत कोणाची तरी चाहूल होती.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिनं आपणच काढलं. "तसंही माझं काम जमून नाही राह्यलं, बाबा."

काम असं. काचेवर प्लास्टिकचा थर द्यायचा, केसाहूनही शेकडो पट पातळ. त्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या टोकाची सुई हलकेच दाबायची. किती जोर लागला, सुई किती खोल गेली, हे मशीन सांगते. त्यावरून प्लास्टिक किती नरम, किती कडक ते काढायचं.

"सरकार याचे पैसे देते?"

"हौ."

"अन् आपल्या परसवाड्याच्या रस्त्याले नाही."

ती हसली. मग म्हणाली, तेच प्लास्टिक जाड तुकड्यावर नरम येते अन् पातळ थरावर कडक. आठ महिने तेच येत होतं. सर म्हणतात, तुझ्या हातात खोट आहे.

मला ऐकताक्षणी समजलं.

आमच्या मिलमध्ये धानाचं टरफल दोन रोलांच्या मधात निघते. आत लोखंडी ड्रम, वरून रबर. रबर झिजते. मी अंगठ्याचं नख दाबून पाहायचो. नव्या रोलात नख रुतते, झिजलेल्यात रुतत नाही, कडक लागते. पहिल्या वर्षी मी शेठला सांगितलं, रबर अजून मजबूत आहे, चालू द्या. दिवसभर तांदळाचा चुरा निघाला. शेठनं साऱ्यांसमोर माय-बहीण काढली. रबर कडक झालंच नव्हतं, खालचं लोखंड नखाला जाणवत होतं. तेव्हापासून जाडी मी कोणाला विचारली नाही. दोन्ही टोकांना स्वतः हात लावून पाहिली, कारण रोल एका बाजूनं आधी झिजतो.

हे सारं तोंडाशी आलं होतं. मी उठलो अन् नळावर पाय धुवायला गेलो. सांगितलं असतं तर ती गेली असती.

दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी शेजारीण ओट्यावर बसून म्हणाली, "बरं झालं बाई, आता तूच घर सांभाळशीन." पोरीनं मान हलवली. बसली तिच्याजवळ दुसऱ्यांच्या सुनांच्या गोष्टी ऐकत. मला राग आला, पण तिचा नाही, माझा.

संध्याकाळी ती वरण ढवळत होती.

"त्या थराची जाडी कोणी मोजली?"

"ज्या पोरानं थर दिला त्यानं सांगितली."

"तू मोजली?"

"नाही."

"मंग सुईले खालची काच जाणवून राह्यली असन. प्लास्टिक नाही."

"सुई काचेपर्यंत जातच नाही बाबा."

"माझं नखही लोखंडापर्यंत जात नव्हतं. तरी लागत होतं ना!"

मग तिला रोलाची सारी गोष्ट सांगितली. तिनं गॅस बंद केला.

"हे तुम्हाले त्याच दिवशी कळलं होतं?"

"हौ."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू गेली असती."

"लबाड आहा तुम्ही." डोळे पुसत तिनं मला वाढलं.

सोमवारी मी तिला गोंदियाच्या बसमध्ये बसवून दिलं, तिथून पुण्याची गाडी. खिडकीतून ती कशाला कुकरच्या किती शिट्ट्या ते सांगत होती. मी हौ हौ म्हणत होतो, ध्यानात काही राहत नव्हतं.

दोन आठवड्यांनी शेजाऱ्याच्या घरी तिचा फोन आला. तिनं स्वतः मोजलं, थर मधात सांगितल्यापेक्षा फार पातळ होता. आता जाड थर घेऊन, सुई अजून कमी दाबून पाहते. सरांनी मानलं, खोट तिच्या हातात नव्हती.

"बरं झालं," मी म्हटलं.

"तुम्ही कसे आहा, बाबा?"

"एकटा आहो," मी म्हटलं. "पण तू तिथंच राह्य."