देवपुजारी साहेबांचे शॉकर

गुणाकर देवपुजारींना एका खुर्चीत सलग दहा मिनिटं बसलेलं बालाघाटात कुणी पाहिलेलं नाही. चहा आला की ते उठतात, निवला की परत येतात. पीडब्ल्यूडीत चौतीस वर्षं सब-इंजिनियर होते. परसवाडा गावच्या रस्त्याची मोरी वाहून गेली, लांजीला खडी पोचली नाही, असं काहीतरी रोज असायचं आणि ते जीपमध्ये असायचे. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यांनी फाटकापासून मागच्या नळापर्यंत फेऱ्या घालण्यात काढलं. दुसऱ्या वर्षी नागपूरला गेले आणि एक जुनी स्पोर्ट्स सेडान घेऊन आले.

गाडी बारा वर्षांची, राखाडी-निळी, नाक खाली झुकलेलं. कॉलनीतले लोक हसले. साहेबांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या मनात दुसरीच गोष्ट होती. जीप सरकारी, म्हणून त्यांनी बायकोला तिच्यात कधी बसू दिलं नाही. एकदा हट्टा गावच्या लग्नाहून परतताना अहिल्याबाई भर उन्हात बसची वाट पाहत उभ्या होत्या. साहेबांची रिकामी जीप तिथूनच चालली होती. त्यांनी थांबवली, आपली छत्री बाईंच्या हातात दिली आणि निघून गेले. नियम म्हणजे नियम. आता गाडी स्वतःची होती. आपण केलेल्या रस्त्यांवरून हिला शेजारी बसवून न्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिल्या रविवारी बाई बसल्याही. पण गाडी नावेसारखी डुलायची, खड्ड्यात आदळायची, आणि किरनापूरच्या अलीकडे एका ब्रेकरवर तिचं पोट असं खरवडलं की रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहिली. किरनापूरला बाई उतरल्या.

"पोटातलं पाणी हालून राह्यलं माझं. तुम्ही या हळूहळू, मी बसनं जाते."

आणि खरंच बसनं गेल्या. नवऱ्याच्या आधी घरी पोचल्या. "आता त्या गाडीत मी बसणार नाही," म्हणाल्या, आणि पोस्टात तीस वर्षं काम केलेल्या बाईंचा शब्द शिक्क्यासारखा उमटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडायच्या आधीच साहेब विवेक रामटेकेच्या दारात हजर होते. विवेक पुण्याच्या कारखान्यात दहा वर्षं गाड्यांची चाचणी घेऊन परतलेला माणूस. त्यानं बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, गाडी दाबली आणि सोडली. ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"पाहा काकाजी. शॉकर चांगला असला का गाडी एकदा वर येते आन् थांबते. ही तर मान हालवूनच राह्यली. चारही शॉकर गेले. समोरचे तर तेल सोडून राह्यले."

"आन् स्प्रिंग?"

"थकल्या. इंचभर बसली गाडी." विवेकनं हात पुसले. "स्प्रिंग भार झेलते, आन् शॉकर त्या स्प्रिंगले नाचू देत नाही. जोडी जमली पायजे. कडक स्प्रिंगवर ढिला शॉकर लावला तर गाडी उड्या मारते. नरम स्प्रिंगवर कडक लावला तर एक एक गिट्टी कमरेत टोचते."

त्यानं मोबाइलवर तीन तऱ्हा दाखवल्या. एक, आखूड स्प्रिंग आणि त्यांच्या जोडीचे आखूड शॉकर. गाडी चार सेंटिमीटर खाली बसणार, वळणावर रस्त्याला चिकटणार. दोन, आट्यांचा सेट. पाना फिरवून उंची हवी तशी करायची. तीन, मूळ उंचीच्याच स्प्रिंगा, जराशा कडक, आणि गॅसचे शॉकर.

"आटेवाला काहून नाही?" साहेब तोवर शेजारच्या दोन गाड्यांची बॉनेटं दाबून आले होते.

"आपल्याकडची धूळ, वरून चिखल. दोन पावसाळ्यांत आटे जाम होतात. मंग पाना तुटते, पण उंची हालत नाही."

साहेबांची नजर पहिल्या चित्रावरून निघत नव्हती. त्यातली गाडी चाकांवर अशी बसली होती जशी झेप घ्यायच्या आधी मांजर बसते. जन्मभर डगमगत्या जीपमध्ये हाडं खिळखिळी झालेल्या माणसाला ते चित्र कसं दिसलं असेल!

"आखूडच लाव."

"लावतो. पण बसणार कोन कोन?"

"दोघं." हे त्यांनी जरा घाईनंच सांगितलं.

"काकूंचं वजन किती? अंदाज पायजे मले."

साहेबांना माहीत नव्हतं. त्यांनी तडक घर गाठलं. अहिल्याबाई विळीवर वांगी चिरत होत्या.

"वजन? लग्नाले अडतीस वर्षं झाली, कधी विचारलं नाही, आन् आता त्या गाडीसाठी विचारून राह्यले?"

"विवेकले पायजे. स्प्रिंगसाठी."

"मी बसणारच नाही तर त्याले कायले पायजे? आन् शॉकर आणून राह्यले तर एक जास्तीचा आणा. तुमालेच बसवू. सकाळपासून चार डाव फाटक उघडलं."

विवेकला हा निरोप मिळाला तेव्हा तो खो खो हसला. मग म्हणाला, "काकाजी, ऑर्डर टाकण्याआधी रस्ता मोजून घ्या. आधीच पोट घासून राह्यलं. आणखी चार सेंटिमीटर गेले तर कुठी कुठी अडकन, ते पाहा."

रस्ता मोजायला सांगणं, तेही देवपुजारींना! दुसऱ्या दिवशी सकाळी टेप, पाणसळ आणि सहा फुटी पट्टी घेऊन ते निघाले. ब्रेकरच्या माथ्यावर पट्टी आडवी धरायची, पाणसळीचा बुडबुडा मध्ये आणायचा, टेपनं खालची उंची घ्यायची आणि वहीत लिहायची. मागून ट्रक हॉर्न देत होते, मोटरसायकलवाले "काय साहेब, पुन्हा नोकरीवर का?" विचारत होते. किरनापूरपर्यंत सत्तावीस ब्रेकर निघाले. सव्वीसांवरून आखूड स्प्रिंगांची गाडी निघत होती.

सत्ताविसावा किरनापूरच्या अलीकडच्या गावात, शाळेसमोर. तो न मोजताही त्यांना ठाऊक होता. साडेपाच इंच. नियम चार इंचांचा. आणि तो त्यांनीच बांधला होता.

रस्त्यापलीकडे उकडलेले चणे विकणारी जिजाबाई पदर खोचत उठली.

"साहेब, तुमचा ब्रेकर कायले मोजून राह्यले? झिजला का?"

"नाही वो. गाडी घासते माझी."

"घासू द्या ना. सगळ्यायच्याच घासतात. शिव्या मले ऐकू येतात, तुमाले थोडीच येतात?"

"खुशी कशी आहे?"

"आयटीआयले जाते बालाघाटले. पाय दुखते थंडीत. बाकी बरी आहे."

खुशी तिची नात. अकरा वर्षांपूर्वी, तिसरीत असताना, शाळा सुटल्यावर तिला ट्रॅक्टरनं उडवलं होतं. गावानं रस्ता अडवला. साहेब दुसऱ्याच दिवशी माणसं घेऊन आले. चार इंचांच्या ब्रेकरला ट्रॅक्टरवाले जुमानणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्वतः उभं राहून साडेपाच इंच भरवला. उभ्या नोकरीत नियमाबाहेर केलेलं काम तेवढंच.

वाटेतच त्यांनी अनुरागला फोन लावून शाळेसमोरचा ब्रेकर जरा उतरवता येईल का, विचारलं. अनुराग पूर्वी त्यांचा ज्युनियर होता, आता तो भाग त्याच्याकडे होता.

"सर, तुम्ही फक्त बोला," अनुराग म्हणाला. "मीही मोजला होता, साडेपाच भरला. नियमात बसतच नाही तो. गुरुवारी माणसं पाठवतो, छिलून चारवर आणतो."

"पाहा बा, जमलं तर," साहेब म्हणाले.

फोन ठेवल्यापासून त्यांना घर खायला उठलं. जेवताना मधेच उठले. वर्तमानपत्र उलटं धरलं. विवेककडे दोनदा गेले, ऑर्डर टाक म्हणाले, अर्ध्या रस्त्यातून परतून थांब म्हणाले. नियमात तर बसत होतं सगळं. ब्रेकर चारवर येणं हे कायद्याचंच काम, त्यात आपली गाडी सुटली तर कुणाचं काय गेलं? बुधवारी संध्याकाळी त्यांनी हा हिशेब अहिल्याबाईंना ऐकवला. बाई तांदूळ निवडत होत्या.

"आन् ट्रॅक्टरवाले आता सुधारले म्हणता?" त्यांनी विचारलं, आणि खडा काढून बाजूला टाकला.

गुरुवारी साहेब माणसांच्या आधी तिथे पोचले. शाळा भरायची वेळ. धानाची पोती लादलेला एक ट्रॅक्टर भन्नाट येत होता. ब्रेकर दिसताच चालकानं करकचून ब्रेक दाबला, शिवी हासडली आणि पायी चालणाऱ्याच्या चालीनं पार झाला. पोरी दप्तरं सावरत त्याच्या समोरून गेल्या, एकीनं तर मान वळवूनही पाहिलं नाही. मागून ठेकेदाराची गाडी आली, मशीन उतरायला लागलं. साहेबांनी हात केला आणि फोन लावला.

"अनुराग, माणसं परत बोलाव. मापात चूक होती. मी आता पुन्हा मोजला. चार इंच आहे."

"सर... साडेपाच होता ना? मी स्वतः..."

"माझ्या टेपनं चार भरते."

पलीकडे अनुरागनं वहीचं पान उलटलं. ज्या माणसानं चौतीस वर्षांत मापाच्या वहीत अर्धा इंचही खोटा लिहिला नव्हता, त्याचा हा ज्युनियर.

"ठीक आहे सर," अनुराग म्हणाला. "मग मीही चारच लिहितो."

परतताना साहेब थेट गॅरेजवर उतरले. "मूळ उंचीच्या स्प्रिंगा लाव. गॅसचे शॉकर. आन् लवकर लाव, मले थांबवत नाही."

सामान यायला आठ दिवस लागले आणि त्या आठ दिवसांत विवेकला कॉलनीतल्या प्रत्येक फेरीची खबर मिळत राहिली. शनिवारी चारही बसले, चाकांचं अलाइनमेंट झालं. साहेबांनी बॉनेट दाबून सोडलं. गाडी वर आली आणि थांबली. तरी त्यांनी आणखी पाच वेळा दाबून पाहिलं.

रविवारी ते अंगणात किल्ली हलवत उभे राहिले. अहिल्याबाईच चपला घालून आल्या.

"किरनापूरपर्यंत. परतीची बस साडेदहाची आहे, मी विचारून ठेवलं."

साहेबांनी जपून गाडी काढली. खड्डे यायचे आणि खालच्या खाली जायचे. शाळेसमोरचा ब्रेकर त्यांनी श्वास रोखून ओलांडला. पोट लागलं नाही. साहेब बोलत सुटले. ही मोरी त्या सालची, हे वळण आधी किती वाईट होतं, इथे ठेकेदाराशी कसं भांडण झालं. किरनापूरचा बसस्टँड आला. त्यांनी गाडी हळू केली आणि शेजारी पाहिलं.

अहिल्याबाई झोपल्या होत्या. मान जराशी कलली होती आणि अजिबात हलत नव्हती.

साडेदहाची बस समोरून सुटली. साहेबांनी गाडी लांजीच्या रस्त्याला घेतली. पुढे त्यांचा सहा गाळ्यांचा पूल होता, दोन पावसाळे पाण्यात उभं राहून बांधलेला, आणि तो हिला कसा दाखवायचा याची वाक्यं त्यांनी सकाळपासून जुळवली होती. पूल दिसू लागला. त्यांनी हॉर्नवर हात ठेवला, काढला. खाकरले. पुन्हा शेजारी पाहिलं. मग चाल आणखी कमी केली आणि एकही शब्द न बोलता पुलावरून गेले.

लांजीच्या पहिल्या दुकानांशी बाई जाग्या झाल्या.

"कुठी आलो?"

"लांजी."

"बस चुकली का माझी?"

"हौ. आन् पूलही मागे गेला. माझा."

अहिल्याबाईंनी पदर सारखा केला. "मंग पुलावर उठवलं काहून नाही? वळवा गाडी."