गुळाच्या तुलेआधी

गोजरबाईंकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते त्या रांगेतून निघून चालल्या होत्या तेव्हा. १९७१ साल. मी खर्ड्याजवळ ज्या शाळेत शिकवत असे, तिच्या पडवीत अंबिका नर्सबाई महिन्यातून एकदा लहान मुलं तपासत. गोजरबाई पाच महिन्यांच्या कानिफला घेऊन आल्या होत्या. नर्सबाईंनी त्याची टाळू चाचपली, डोक्याभोवती फीत धरली, कानाजवळ चुटकी वाजवून तो वळून बघतो का ते पाहिलं. सुई टोचायला गोजरबाईंनी त्याला स्वतःच पुढे केलं. पण वजनाची झोळी दिसली, तशा लेकरू पदराखाली घेऊन घराकडे निघाल्या.

पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्या खेपेला नर्सबाईंनी वाट अडवली.

"अगं, पोर रोडावलंय. वजन केल्याशिवाय वाढतंय का ते कसं कळणार?"

"आधीची दोन गेली, बाई. ह्याच्यासाटी मढीच्या नाथाला बोललेय. वर्साचा झाला की गुळानं तोलीन. देवाच्या आधी काट्यात घालायचा न्हाई."

"लई हट्टी हाय," सासू रतनबाई म्हणाल्या. "माजंबी ऐकत न्हाई."

नर्सबाईंनी बायकांचा उभं राहायचा काटा पुढे ओढला.

"बरं, तुझं वजन करू. तुझा तर नवस नाही ना?"

"माजा कोन करतंय नवस?"

रांगेतल्या बाया हसल्या. गोजरबाई कानिफला कडेवर घेऊन काट्यावर चढल्या. नर्सबाईंनी आकडा टिपला आणि मग लेकरू सासूकडे द्यायला सांगितलं; दोन आकड्यांतला फरक म्हणजे कानिफचं वजन. गोजरबाईंना डाव कळला, पण त्या उतरल्या नाहीत.

"लई कमी हाय का?" त्यांनी हळू विचारलं.

"कमी आहे. नुसत्या दुधावर आता भागायचं नाही. वरणभात मऊ कुस्करून भरव, थोडा थोडा, तीन-चारदा. पुढच्या महिन्यात परत तुझंच वजन करू."

त्यानंतर गोजरबाई रांगेत पुढेच असायच्या. "माजं वजन करा," म्हणायच्या.

वर्ष भरल्यावर त्यांनी मलाही मढीला नेलं. कानिफ पारड्यात बसला आणि ते खाली टेकलं. आणलेला सगळा गूळ दुसऱ्या पारड्यात ठेवला तरी हलेना. गोजरबाईंचा नवरा सहादेव आणखी एक ढेप आणायला दुकानाकडे पळाला. तो येईपर्यंत गोजरबाई त्या खाली टेकलेल्या पारड्याकडे बघत उभ्या होत्या.

गोजरबाई आता शहरात, सावेडीला कानिफकडे राहतात. त्याच्या तान्ह्या नातीला दवाखान्यात त्याच नेतात आणि काट्यावर स्वतःच्या हातानं ठेवतात.