देवराव गणवीरांची बोटं

देवराव गणवीरांच्या तीन कथासंग्रहांबद्दल लोक बोलतात. कामावरून काढलेल्या अकरा अंधांना त्यांनी परत घ्यायला लावलं, त्याबद्दलही बोलतात. ते किती घाबरायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. मी सांगते. पंधरा वर्षं त्यांच्या कथा मी उतरवून घेतल्या, तेवढा हक्क मला आहे.

वाडीत गोदामांच्या मागे त्यांची खोली होती. एकोणिसाव्या वर्षी नजर गेली, तीही एकदम नाही. आधी फळ्यावरची अक्षरं गेली, मग आईचा चेहरा. पुढे ते ब्रेल शिकले, जाड कागदावर टोचणीने ठिपके पाडून लिहू लागले.

चौऱ्याहत्तर साली त्यांना साखर निघाली. पायांना मुंग्या येतच होत्या. "हाताचंही असंच होईल का?" त्यांनी डॉक्टरला विचारलं. "होऊ शकतं," म्हणून त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली. मेल्याला धीराचे दोन शब्द सुचले नाहीत. तेव्हापासून देवराव बोलता बोलता बोटं चोळून बघायचे.

त्याच वर्षी एका कारखान्याने खुर्च्या विणणाऱ्या अकरा अंधांना काढलं. सुनावणीत त्यांची बाजू देवराव मांडणार होते, त्यासाठी त्यांनी ब्रेलमध्ये पानंच्या पानं लिहून काढली. मला सांगा, मी उतरवून घेऊन वाचते म्हटलं तर माझ्यावरच उखडले. "आमचं आम्ही वाचू. तू काहून?"

सुनावणीत ते उभे राहिले, पानावर बोट ठेवलं आणि थांबले. दुसरं पान घेतलं, तिसरं घेतलं. कपाळावर घाम आला. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "शामला, बोटाले काहीच लागून नाही राहिलं."

पाठ असलेली वाक्यंही त्यांना आठवेनात. सुनावणी घेणाऱ्या कामगार अधिकाऱ्याने पुढचा सोमवार दिला. तेव्हाही मांडलं नाही तर प्रकरण बंद.

रिक्षात ते सारखी बोटं चोळत होते. घरी आल्यावर कोऱ्या कागदावर टोचणीने एकच ठिपका पाडला आणि हात मागे घेतला. शिवायची हिंमत होईना. मीही शिवा म्हटलं नाही. नाही लागला तर काय, हा विचार मलाही सोसवत नव्हता.

त्यांची बायको गोपिका चहा घेऊन आली. लग्नाला आठच दिवस झाले होते.

"साहेबाले कागद आवडले काय? सारे उंचसखल झाले होते. मी पाणी शिंपडून चांगली इस्तरी फिरवली."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दीड महिन्याचं काम होतं ते.

देवरावांनी कागद चाचपला. ठिपका सापडला. त्यावर बोट तसंच ठेवून ते हुंदके देऊन रडायला लागले. आपलं काय चुकलं ते गोपिकाला कळेना. ती घाबरून दारापर्यंत मागे सरली.

"बरं झालं वं गोपिका," ते म्हणाले. "इस्तरीच होती."