तेरच्या स्टँडवरचा रुमाल

भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचले ते शुद्धलेखनाच्या चुका काढायला. विश्वास वगैरे ठेवायचा प्रश्नच नव्हता. धाराशिवला कॉलेजात मराठी शिकवतो. व्यसनमुक्ती सप्ताहात दोन वर्षं प्रमुख पाहुणा मीच होतो – शाल, श्रीफळ, टाळ्या. दुसऱ्या वर्षी भाषण पाठ होतं, म्हणून पिऊन गेलो. भाषण जास्त रंगलं म्हणे.

तीन वर्षांपूर्वी मुलीला, मुक्ताला, तेरला जुन्या मूर्ती दाखवायला नेलं होतं. ती तेव्हा चौथीत. परतताना तिला स्टँडवरच्या बाकावर बसवलं, "पाच मिनिटांत आलो" म्हणालो आणि प्यायला गेलो. मग जीपमध्ये बसून एकटाच घरी आलो. मुलगी सोबत होती, हे बायकोनं विचारल्यावर आठवलं. दिवस मावळायच्या आत ती जाऊन मुक्ताला घेऊन आली.

त्या दुपारबद्दल मुक्ता कधीच काही बोलली नाही, आईशीसुद्धा नाही. फक्त माझ्यासोबत घराबाहेर पडायची बंद झाली. मी पीतच राहिलो. शेवटी बायको म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर मुक्ताला घेऊन परंड्याला, माहेरी जाते."

डॉक्टरांनी सांगितलं, ढोकीत दर रविवारी चार वाजता दारू सोडलेल्यांची बैठक असते. बरं वाटलं... ढोकीत मला कुणी ओळखत नाही. दोन दिवस न पिता रविवारी ढोकीत उतरलो आणि पानटपरीवाल्याला विचारलं, "इथं दारूवाल्यांची बैठक कुठं असते?"

त्यानं माझे पॉलिश केलेले बूट पाहिले. "बसायचंय व्हय सर? त्या पत्र्याच्या शेडमागं. चाखणा हितनंच न्या, तिथं महाग हाय."

"बसायचं नाही. सोडायची आहे."

"मग तसं म्हणा की! बैठक म्हणल्यावर मला काय कळणार? शाळंत हाईत ते. पर तिथं नुसता चहा मिळतो बघा."

शेडवरून जाताना पाय घुटमळले, हे लपवत नाही.

शाळेच्या खोलीत सात-आठ माणसं गोल बसली होती. सगळे ज्यांना तात्या म्हणत होते, त्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं नियम सांगितले. आडनाव सांगायचं नाही, कुणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. आडनाव न विचारता चहा देणारी माणसं मी मराठवाड्यात पहिल्यांदाच पाहिली. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. लागलं तर निसटता यावं म्हणून.

खिडकीपाशी एक माणूस होता. मागून ऊन येत असल्यानं चेहरा दिसत नव्हता. तो बोलू लागला, "मी माझ्या मुलीला तेरच्या स्टँडवर विसरलो."

हातातला चहा सांडला.

"तिला वाटलं, बाप उशिरा येईल, त्याला बसायला मिळणार नाही. म्हणून धाराशिवची गाडी लागली की ती आत चढायची. खिडकीकडच्या सीटवर रुमाल टाकून माझी जागा धरायची. गाडी निघायची वेळ झाली की कंडक्टर तिला उतरवायचा. ती रुमाल घेऊन परत बाकावर. अशा चार गाड्या..."

मी उठून बाहेर आलो. शाळेच्या हापशापाशी ओकलो आणि मिळेल त्या गाडीनं घरी आलो.

डोकं थोडं थाऱ्यावर आल्यावर विचार केला. त्या दिवशी स्टँडवर हा माणूस असणार. त्यानं पाहिलं असणार. पुढच्या रविवारी त्याला गाठायलाच गेलो. तात्यांना विचारलं, तो खिडकीपाशी बसणारा कुठं आहे?

"खिडकीपाशी? तिथं तुम्हीच बसला व्हता की, सर."

"मी दाराशी होतो. आणि मधूनच उठून गेलो."

"कुठं गेलाव? शेवटपर्यंत व्हता. लई बोललाव. त्या रुमालाचं ऐकून मला रडू आवरंना."

बाकीच्यांकडे पाहिलं. त्यांनीही तात्यांच्या बोलण्याला माना डोलावल्या.

डॉक्टर म्हणाले, दारू तोडल्यावर असे भास होतात. मान्य. म्हणजे बोललो मीच. मग रुमालाचं मीच रचलं असणार... भाषा विषयाचा माणूस, रचायची सवय आहेच. हे मला इतकं पटलं की खात्री करून घ्यायला मुक्ताकडे गेलो. तिनं "नाही" म्हणावं, एवढीच अपेक्षा होती.

ती वह्यांना कव्हरं घालत बसली होती.

"मुक्ता, त्या दिवशी तेरला... तू गाडीत माझी जागा धरत होतीस का?"

तिचा हात थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"खरं आहे?"

"चार गाड्या," ती म्हणाली. "मग मम्मी आली. पण मी मम्मीलाही सांगितलं नव्हतं. पप्पा, कुणी सांगितलं?"

या गोष्टीला अकरा महिने झाले. प्यायलेलो नाही. दोघी परंड्याला गेल्या नाहीत. मुक्ता अजून मधूनच तो प्रश्न विचारते आणि मी म्हणतो, माहीत नाही. आजवर या मुलीला मी शेकडो थापा मारल्या, त्या तिनं मुकाट ऐकून घेतल्या. हे एकच उत्तर खरं आहे, आणि त्यावर तिचा विश्वास बसत नाही.