विट्याचे दुसरे मामा

ईशान आणि तन्वी,

तुमच्या अनिकेतकाकाचा सिनेमा मी पाडला. तुमच्यापर्यंत टोरांटोला जो व्हिडिओ पोचला, त्यात अंधारात उभी राहून "ही चोरी आहे" असं ओरडणारी बाई मीच. तुम्ही त्याखाली हसरी तोंडं पाठवलीत, म्हणून आजच लिहायला बसले. हसा, पण पूर्ण गोष्ट वाचून हसा.

तुमच्या आजोबांचा आणि माझा एक खेळ होता. नवा विनोदी सिनेमा लागला की त्यातला कुठला प्रसंग कुठल्या जुन्या सिनेमातून उचललाय ते ओळखायचं. हरेल त्याने चहा करायचा. चहा बहुतेक वेळा तेच करत. मला तर इतकी सवय लागली की शेजारच्या वहिनी जिन्यावर घसरल्या तेव्हा मी आधी सिनेमा आठवला आणि मग हात दिला. (वहिनी अजून तुटक बोलतात.) आजोबा गेल्यावर चहा मीच करते, पण खेळ सुटला नाही.

अनिकेत आजोबांच्या धाकट्या भावाचा मुलगा. शिरवळच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून त्याने हा पहिला सिनेमा काढला. सांगलीत पहिल्या खेळाला त्याने मला मधोमध बसवलं आणि म्हणाला, "काकू, आज काकांच्या वाटणीचंही तूच हसायचं."

मी हसणार होते. पण पडद्यावर नायक रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढला आणि माझ्या तोंडून गेलं, "आता डबा सासऱ्याच्या डोक्यावर." पडला. मग स्टँडवर दोन सारख्या पिशव्या दिसल्या. "बदलणार," मी म्हटलं. बदलल्या. पुढच्या रांगेतला माणूस वळला.

"आवं आजी, पुढचं नका सांगू. आमी तिकीट काढून आलोय."

"मी सांगत नाही. मी ओळखते आहे."

"मग मनातल्या मनात वळखा की."

तेवढ्यात तो प्रसंग आला.

एक माणूस मित्राच्या लग्नाला विट्याला येतो आणि चुकून समोरच्या कार्यालयात शिरतो. तिथे नवरीच्या मामांची वाट पाहणं चाललेलं. मामा लांबच्या शहरात सोनं गाळण्याचा धंदा करणारे, कित्येक वर्षांत गावाकडे न फिरकलेले, त्यामुळे चेहरा कुणाच्याच लक्षात नाही. हातात बॅग घेतलेला हा अनोळखी माणूस दिसताच एक म्हातारी त्याच्या गळ्यात पडते, "आलास व्हय रं?" लोक त्याला फेटा बांधतात आणि मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभं करतात. भिडेपोटी तो उभा राहतो.

सगळं थिएटर हसत होतं. मी उभी राहिले. "ही चोरी आहे. हा जुना सिनेमा मी पाहिलाय. कृष्णधवल होता."

पुढच्या रांगेतल्या माणसाने फोन वर धरला होता. रात्रीपर्यंत सांगलीपासून साताऱ्यापर्यंत एकच मजकूर फिरला, दिग्दर्शकाच्या काकूनेच चोरी पकडली.

दुसऱ्या दिवशी अनिकेत आला. बसला नाही.

"काकू, सिनेमाचं नाव सांग."

"आठवत नाही. पण गोष्ट अशीच होती."

"पाहिलास, की काकांनी सांगितली?"

आता मला लख्ख आठवलं. आम्ही साताऱ्याला राहत होतो. आजोबा बँकेतल्या मित्राच्या लग्नाला विट्याला जाऊन आले आणि सोमवारी तोच मित्र दारात, "लग्नाला का आला नाहीत?" मी आजोबांना धरलं. "मला टाकून सिनेमाला गेलात ना?" ते म्हणाले, हो. "गोष्ट सांगा बघू." त्यांनी सांगितली. मी पोट धरून हसले आणि मग आठवडाभर बोलले नाही. पुढे कधीतरी तो सिनेमा मी स्वतःच पाहिला, अशी माझी खात्री झाली.

"सिनेमा नव्हताच," अनिकेत म्हणाला. "काका खरंच उभे राहिले होते. मला दवाखान्यात सांगितलं त्यांनी."

"मग मला का नाही खरं सांगितलं?"

"म्हणाले, खरं सांगितलं असतं तर तुझी काकू म्हणाली असती, हे कुठल्यातरी सिनेमातलं आहे."

मी चहा करायला गेले. बाहेर आले तर अनिकेत गेलेला.

चार दिवसांनी विट्याहून एका बाईंचा फोन आला. व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता, मागच्या पडद्यावरच्या प्रसंगासकट. "आवं, कसली चोरी? माझं लगीन हाय त्ये. आमचं खरं मामा जेवणं उरकल्यावर आलं, तवा ह्ये दुसरं मामा मागच्या दारानं पसार. फोटू हाय की भिंतीवर."

अनिकेत मला गाडीने विट्याला घेऊन गेला. फोटोत फेटा बांधलेले तुमचे आजोबा, परक्या नवरीच्या मागे, आमच्या लग्नातल्या कुठल्याही फोटोपेक्षा खुशीत. मी चष्मा पुसला, निरखून पाहिलं आणि बोलून गेले, "हे मी कुठेतरी पाहिलंय." अनिकेत उठून गाडीत जाऊन बसला.

तो फोटो त्याने सगळ्यांना पाठवला. लोक म्हणाले, आता फोटोही बनवून घेतला. तोवर सिनेमा उतरलाच होता. अनिकेत रविवारी जेवायला यायचा, तो येत नाही. सगळा जन्म जुने सिनेमे ओळखण्यात घालवला, आणि भर थिएटरात उभी राहून ओळखला तो सिनेमा नेमका कुणी काढलेलाच नव्हता.

विट्याच्या भिंतीवर फोटो अजून आहे. त्या घरात आजोबांना अजून मामाच म्हणतात.